पस्तीस इंची टायर प्रत्यक्षात किती इंचांचा?

डोंगर, वाळू आणि चिखलातून जाणाऱ्या ऑफ-रोड वाहनांच्या जाहिरातींत टायरच्या उंचीला इंजिनाच्या ताकदीइतकेच महत्त्व दिले जाते. 'तेहतीस इंची', 'पस्तीस इंची', 'सदतीस इंची' ही जणू त्या वाहनांची पदवीच असते. हौशी चालकांच्या बोलण्यातही गाडीची ओळख याच आकड्याने होते. मात्र नवा पस्तीस इंची टायर रिमवर चढवून, योग्य हवा भरून त्याला पट्टी लावली, तर माप बहुधा पस्तीस इंच भरत नाही. ते साडेचौतीसच्या आसपास थांबते, आणि गाडीचे वजन पडल्यावर आणखी कमी होते.

ही ग्राहकाची फसवणूक आहे का? काटेकोरपणे पाहिल्यास, नाही. टायरवरचा आकडा हे मोजून काढलेले माप नसून आकारमानाचे नाव असते. बहुतेक उत्पादक आपल्या तांत्रिक तक्त्यात प्रत्यक्ष व्यासही छापतात. अडचण निर्माण होते ती हे नाव माप समजून त्याच्या आधारे निर्णय घेतले जातात तेव्हा. गाडी किती उचलायची, गिअरचे गुणोत्तर काय ठेवायचे, स्पीडोमीटर कसा जुळवायचा, जुन्या टायरसोबत नवा टायर चालेल का, या प्रश्नांची उत्तरे नावावरून मिळत नाहीत. त्यासाठी खरी उंचीच लागते.

उंची म्हणजे नेमके काय?

व्यवहारात टायरची 'उंची' म्हणजे त्याचा एकूण बाह्य व्यास. परंतु एकाच टायरच्या तीन वेगवेगळ्या उंची संभवतात. पहिली, बाजूच्या भिंतीवर छापलेली नाममात्र उंची. दुसरी, रिमवर चढवून हवा भरलेल्या, पण भार नसलेल्या टायरचा प्रत्यक्ष व्यास. तिसरी, गाडीचे वजन पेलताना धुऱ्याच्या मध्यापासून जमिनीपर्यंतचे अंतर. जाहिरातीत पहिली असते, उत्पादकाच्या तक्त्यात दुसरी सापडते आणि खडकावरून जाताना उपयोगी पडते ती तिसरी. या तिन्हींची सरमिसळ हेच बहुतेक गैरसमजांचे मूळ आहे.

आकडे लिहिण्याच्या पद्धती

महाराष्ट्रातील जुन्या जीपगाड्या ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना ६.००-१६ हा आकडा आठवत असेल. यातील पहिला आकडा टायरची रुंदी इंचांत सांगतो आणि दुसरा रिमचा व्यास. उंचीचा उल्लेखच नाही. ती साधारण २८ ते २९ इंच भरते, हे अनुभवाने किंवा तक्ता पाहूनच कळायचे. पुढे अमेरिकेत अक्षर आणि आकडे यांची मिश्र पद्धत आली. क्यू७८-१५ या आकारातील 'क्यू' हे अक्षर टायरची भारक्षमता दाखवी, ७८ हे उंची-रुंदीचे शेकडा प्रमाण आणि १५ हा रिमचा व्यास. उंची येथेही थेट लिहिलेली नसे.

ऑफ-रोड टायरसाठी रूढ झालेली 'फ्लोटेशन' पद्धत मात्र उंचीपासूनच सुरू होते. रुंद टायर मऊ वाळूत रुतण्याऐवजी जणू तरंगत जातो, म्हणून हे नाव. ३५×१२.५० आर १७ या आकारात ३५ इंच ही नाममात्र उंची, १२.५० इंच ही रुंदी, 'आर' म्हणजे रेडियल आणि १७ इंच हा रिमचा व्यास. उंची अशी ठळकपणे लिहिलेली असल्याने ती मोजूनच लिहिली असणार, असा वाचणाऱ्याचा समज होणे स्वाभाविक आहे. प्रत्यक्षात याच आकाराचे वेगवेगळ्या कंपन्यांचे टायर त्यांच्याच तक्त्यांनुसार साधारणपणे ३४.५ ते ३५ इंचांच्या दरम्यान आढळतात.

आज सर्वाधिक प्रचलित असलेली पद्धत मेट्रिक आहे. एलटी २८५/७० आर १७ या आकारात २८५ मिलिमीटर ही रुंदी असून बाजूच्या भिंतीची उंची रुंदीच्या ७० टक्के असते. 'एलटी' ही अक्षरे हलक्या ट्रकसाठीचा, म्हणजे जास्त भार पेलणारा टायर दर्शवतात. येथे उंची लिहिलेली नसली तरी गणिताने काढता येते.

गणितातून दिसणारा 'पस्तीस'

हे गणित सोपे आहे. रुंदीला शेकडा प्रमाणाने गुणावे, आलेल्या आकड्याची दुप्पट करावी, कारण भिंत रिमच्या वरही असते आणि खालीही. त्यात रिमचा व्यास मिलिमीटरमध्ये मिळवावा. एक इंच म्हणजे २५.४ मिलिमीटर.

जीप रँग्लरच्या 'रुबिकॉन' श्रेणीला अमेरिकेत एलटी २८५/७० आर १७ टायर मिळतात आणि त्यांची जाहिरात तेहतीस इंची म्हणून होते. गणिताप्रमाणे व्यास ८३०.८ मिलिमीटर, म्हणजे ३२.७ इंच येतो. २०२१ मध्ये जीपने याच गाडीसाठी 'एक्स्ट्रीम रेकॉन' हे पॅकेज आणले. त्यातील 'पस्तीस इंची' टायरचा आकार एलटी ३१५/७० आर १७ आहे. त्याचा व्यास ८७२.८ मिलिमीटर, म्हणजे ३४.४ इंच. फोर्ड ब्रॉन्कोच्या 'सॅस्क्वॉच' पॅकेजमधील 'पस्तीस इंची' टायरही याच आकाराचा. रॅम कंपनीच्या टीआरएक्स या पिकअपला ३२५/६५ आर १८ टायर दिला गेला. त्याचे गणित ३४.६ इंचांचे. जुन्या गाड्यांवर लोकप्रिय असलेला ३१५/७५ आर १६ हाही 'पस्तीस'च म्हटला जातो. तोही ३४.६ इंच भरतो.

तात्पर्य, मेट्रिक आकारांचे इंचांत रूपांतर करताना जवळचा पूर्ण आकडा घेतला जातो आणि तो वरच्या बाजूचाच असतो. २६५/७० आर १७ हा ३१.६ इंचांचा टायर 'बत्तीस' म्हणून विकला जातो, 'साडेएकतीस' म्हणून नव्हे. खरेदीदाराला मोठा आकडा आवडतो आणि विक्रेत्याला तो सांगणे सोयीचे जाते, एवढे साधे कारण त्यामागे आहे.

आपल्याकडील उदाहरण घ्यायचे तर महिंद्राच्या नाशिक येथील कारखान्यात तयार होणाऱ्या 'थार'चे घेता येईल. २०२० मध्ये आलेल्या या गाडीच्या वरच्या श्रेणींना २५५/६५ आर १८ टायर देण्यात आले. गणिताने त्याची उंची ७८८.७ मिलिमीटर, म्हणजे ३१ इंचांहून किंचित अधिक येते. येथे नाव आणि गणित यांत तफावत पडत नाही, कारण टायर विकलाच जातो मेट्रिक नावाने.

मानकांनीच दिलेली सूट

गणिताने काढलेली उंचीही अंतिम नसते. टायर हा रबर, कापडी धागे आणि पोलादी तारांचा बनलेला असतो. प्रत्येक उत्पादकाचा साचा, धाग्यांची वीण आणि नक्षीची खोली वेगळी असते. म्हणून मानके ठरवणाऱ्या संस्था एक अचूक आकडा न देता मर्यादा ठरवून देतात. अमेरिकेत हे काम 'टायर अँड रिम असोसिएशन' करते, तर युरोपात 'ईटीआरटीओ' ही संस्था.

मोटारींच्या टायरसाठी संयुक्त राष्ट्रांची ३० क्रमांकाची नियमावली आहे. तिच्यानुसार रेडियल टायरच्या भिंतीची उंची नाममात्र उंचीपेक्षा ३ टक्के कमी किंवा ४ टक्के अधिक असू शकते. २५५/६५ आर १८ या आकाराला हा हिशेब लावल्यास व्यास सुमारे ७७९ ते ८०२ मिलिमीटरच्या दरम्यान कोठेही असू शकतो. दोन टोकांतील फरक २३ मिलिमीटरचा, म्हणजे जवळपास एक इंचाचा आहे. एकच आकार छापलेले दोन टायर उंचीला इतके वेगळे असूनही दोन्ही नियमात बसतात.

मोजण्याची पद्धतही ठरलेली आहे. टायर ठराविक रुंदीच्या रिमवर चढवतात, ठराविक दाबाने हवा भरतात, किमान २४ तास खोलीच्या तापमानात ठेवतात आणि दाब पुन्हा जुळवून मोठ्यात मोठा घेर मोजतात. त्या घेराला ३.१४१६ ने भागले की व्यास मिळतो. यात गाडीचे वजन कोठेच येत नाही. शिवाय ग्राहकाने अधिक रुंद रिम वापरली, तर टायर आडवा पसरतो आणि त्याची उंची किंचित घटते. हवा कमी असली तरी तोच परिणाम होतो.

झिजेचाही विचार करावा लागतो. चिखलासाठीच्या नव्या टायरची नक्षी सुमारे १५ मिलिमीटर खोल असते. ती १० मिलिमीटरने झिजली की व्यास २० मिलिमीटरने, म्हणजे पाऊण इंचाहून अधिक कमी होतो. नवा असताना साडेचौतीस इंच भरणारा 'पस्तीस इंची' टायर आयुष्याच्या उत्तरार्धात चौतीसच्याही खाली गेलेला असतो.

भाराखाली काय होते?

गाडी जमिनीवर उभी राहिली की टायरचा तळ चपटा होतो. धुऱ्याचा मध्य आणि जमीन यांतील अंतर हवेने फुगलेल्या मोकळ्या टायरच्या त्रिज्येपेक्षा कमी होते. मोठ्या टायरमध्ये ही घट साधारण अर्धा ते एक इंच असू शकते. ती भारावर आणि हवेच्या दाबावर अवलंबून असते. इंजिनाचे वजन पुढे असल्याने पुढच्या आणि मागच्या टायरची भाराखालील उंचीही सारखी नसते. वाळूत किंवा खडकावर जाताना पकड वाढावी म्हणून चालक हवा कमी करतात, तेव्हा उंची आणखी घटते. तेथे ती घट मुद्दामच पत्करलेली असते, कारण जमिनीला टेकणारा भाग लांबतो.

चाक फिरताना एका फेरीत किती अंतर कापले जाते, हा आणखी वेगळा प्रश्न आहे. रेडियल टायरमध्ये नक्षीखालील पोलादी पट्टा फारसा ताणला वा आकसला जात नाही. त्यामुळे एका फेरीतील अंतर भाराखालच्या त्रिज्येवरून काढलेल्या घेरापेक्षा जास्त, पण मोकळ्या टायरच्या घेरापेक्षा कमी असते. ईटीआरटीओच्या रीतीनुसार रेडियलसाठी व्यासाला ३.१४ ऐवजी ३.०५ ने गुणतात, तर आपल्याकडे 'नायलॉन टायर' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या जुन्या पद्धतीच्या टायरसाठी २.९९ ने.

या हिशेबाने ३१५/७० आर १७ टायर एका फेरीत सुमारे २.६६ मीटर जातो. एक किलोमीटर कापण्यास त्याला सुमारे ३७६ फेऱ्या लागतात. बरोबर ३५ इंच व्यासाचे, न दबणारे चाक कल्पिले, तर ३५८ फेऱ्या पुरतील. या अठरा फेऱ्यांत जाहिरातीतील आकडा आणि रस्त्यावरचा व्यवहार यांतील अंतर दिसून येते.

फरक कोठे जाणवतो?

ग्राउंड क्लिअरन्स : व्यास वाढला की गाडी त्याच्या निम्म्याने उंच होते, हे अनेकदा लक्षात घेतले जात नाही. 'तेहतीस'वरून 'पस्तीस'वर गेल्यास दोन इंच मिळतील असे वाटते. जाहिरातीच्या आकड्यांनुसारही धुऱ्याखाली एकच इंच, म्हणजे २५.४ मिलिमीटर वाढतो. वर दिलेल्या जीपच्या दोन टायरच्या गणितानुसार ही वाढ २१ मिलिमीटरच भरते. टायर बदलण्याचा मोठा खर्च करण्यापूर्वी हा हिशेब मांडलेला बरा.

वेग आणि अंतर : टायर बदलून स्पीडोमीटर तसाच ठेवला, तर ३२.७ वरून ३४.४ इंचांवर गेल्यावर काटा १०० दाखवत असताना गाडीचा वेग त्याच काट्याच्या आधीच्या हिशेबाने सुमारे १०५ असतो. म्हणून नव्या गाड्यांच्या संगणकात टायरची उंची भरण्याची सोय वापरली जाते. तेथे मात्र अनेक जण भिंतीवरचा '३५' भरून मोकळे होतात. टायर ३४.४ इंचांचा असेल तर संगणक चाकाला प्रत्यक्षाहून मोठे समजतो. मग वेग आणि अंतर दोन्ही सुमारे पावणेदोन ते दोन टक्के जास्त नोंदले जातात. पन्नास हजार किलोमीटरच्या नोंदीत सुमारे ९०० किलोमीटर कागदावरचेच असतात.

मडगार्डची जागा : नावापेक्षा लहान टायरचा एक फायदा आहे. तो मडगार्डखाली सहज मावतो. धोका संभवतो तो पुढच्या खरेदीत. आधीचा 'पस्तीस' कोठेही घासत नव्हता, म्हणून दुसऱ्या कंपनीचा 'पस्तीस' निर्धास्तपणे घेतला आणि तो पूर्ण ३५ इंच भरला, तर स्टेअरिंग पूर्ण वळवल्यावर किंवा खड्ड्यात चाक वर गेल्यावर तो मडगार्डला वा चासीला घासू लागतो. वेगात असे घासणे टायरची भिंत कापू शकते.

फोर-व्हील ड्राइव्ह : सर्वात गंभीर परिणाम येथे होतो. ज्या गाड्यांत गरजेपुरती फोर-व्हील ड्राइव्ह जोडली जाते, त्यांत मधला डिफरन्शियल नसतो. पुढचा आणि मागचा धुरा एकाच गतीने फिरण्यास बांधलेला असतो. समजा, पुढे एका कंपनीचे ८७२ मिलिमीटरचे आणि मागे दुसऱ्या कंपनीचे ८८५ मिलिमीटरचे टायर आहेत. दोन्हींवर ३५ हाच आकडा आहे. व्यासातील १३ मिलिमीटरच्या फरकामुळे एका फेरीत सुमारे ४० मिलिमीटरचे अंतर पडते आणि एका किलोमीटरमध्ये ते सुमारे १५ मीटरवर जाते. चिखलात टायर थोडा घसरून हा फरक पचवतो. कोरड्या डांबरी रस्त्यावर मात्र घसरण्यास वाव नसल्याने सारा ताण ट्रान्सफर केस, शाफ्ट आणि दात्यांवर येतो. लिव्हर अडकणे, गाडी ओढल्यासारखी चालणे ही त्याची लक्षणे आहेत. सतत चारही चाके चालवणाऱ्या गाड्यांत हा ताण मधल्या डिफरन्शियलवर किंवा क्लचवर पडतो.

म्हणूनच चारही टायर एकाच कंपनीचे, एकाच प्रकारचे आणि सारख्या झिजेचे ठेवावेत, असे सांगितले जाते. पाचवा टायर, म्हणजे स्टेपनी, वर्षानुवर्षे मागे टांगून ठेवण्याऐवजी ठराविक अंतराने फिरवून वापरावा, यामागेही हेच कारण आहे. झिजलेल्या चारांमध्ये एक कोरी स्टेपनी बसवणे म्हणजे त्या धुऱ्यावर दोन वेगळ्या आकारांची चाके बसवणेच होय.

घरच्या घरी खरी उंची कशी मोजावी?

यासाठी विशेष उपकरणे लागत नाहीत. सपाट फरशी, मोजपट्टी, खडू आणि ओळंबा पुरेसा आहे. टायर थंड असताना, नेहमीच्या दाबाने हवा भरून मोजमाप करावे.

पहिले माप मोकळ्या टायरचे. चाक जॅकने उचलून नक्षीच्या मध्यावरून लवचिक पट्टी गुंडाळावी आणि घेराला ३.१४१६ ने भागावे. उत्पादकाच्या तक्त्यातील व्यासाशी याचीच तुलना करता येते. गाडीवर चढलेल्या चाकाला पट्टी गुंडाळणे अवघड जात असेल, तर आधी स्टेपनी मोजून पाहावी.

दुसरे माप भाराखालचे. गाडी नेहमीच्या सामानासह सपाट जागेवर उभी करून चाकाच्या मध्यबिंदूपासून जमिनीपर्यंतचे सरळ अंतर मोजावे. पुढचे आणि मागचे माप स्वतंत्रपणे लिहून ठेवावे. ग्राउंड क्लिअरन्सच्या हिशेबाला हे माप लागते.

तिसरे माप प्रत्यक्ष चालण्याचे. टायरच्या तळाशी खडूने खूण करून तिच्या अगदी खाली जमिनीवर दुसरी खूण करावी. गाडी सरळ रेषेत हळूहळू पुढे नेऊन चाकाच्या पूर्ण पाच फेऱ्या होऊ द्याव्यात. ओळंब्याच्या साह्याने अखेरची खूण जमिनीवर उतरवावी आणि दोन खुणांमधील अंतराला पाचने भागावे. आलेले उत्तर म्हणजे एका फेरीतील खरे अंतर. स्पीडोमीटर जुळवताना आणि पुढच्या-मागच्या चाकांची तुलना करताना हाच आकडा वापरावा. जीपीएसवर दिसणाऱ्या वेगाशी ताडून पाहिल्यास त्याची खातरजमाही होते.

कायद्याची बाजू

भारतात मोठा टायर बसवणे हा केवळ हौसेचा विषय नाही. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरतील असे बदल वाहनात करता येत नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये या तरतुदीचा काटेकोर अर्थ लावला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने बेकायदा बदलांसाठी वाहनमालकाला प्रत्येक बदलामागे ५ हजार रुपयांपर्यंत दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही शिक्षांची तरतूद केली. त्यामुळे उत्पादकाने आपल्या गाडीच्या त्या श्रेणीसाठी कोणते आकार मान्य केले आहेत, हे पुस्तिकेत आधी पाहावे. अपघातानंतर विम्याच्या दाव्यातही हा प्रश्न उपस्थित होऊ शकतो. उंचीसोबत टायरची भारक्षमता मूळ टायरपेक्षा कमी नाही ना, हेही तपासणे आवश्यक आहे.

खरेदीपूर्वी विचारावे असे काही

टायरच्या दुकानात 'पस्तीस इंची आहे ना?' असे विचारल्यास 'होय' हेच उत्तर मिळेल आणि ते चूकही नसेल. त्याऐवजी त्या विशिष्ट मॉडेलचा तक्ता मागावा. प्रत्यक्ष व्यास, नक्षीची खोली, मोजमापासाठी वापरलेल्या रिमची रुंदी आणि दर किलोमीटरला किंवा दर मैलाला होणाऱ्या फेऱ्या, हे चार आकडे पाहावेत. दोन कंपन्यांच्या टायरची तुलना भिंतीवरील नावावरून न करता याच आकड्यांवरून करावी. पाचही टायर एकदम घेणे शक्य नसेल, तर निदान जे घेतले आहेत त्यांचा घेर मोजून, तारखेसह वहीत नोंदवून ठेवावा. पुढे एखादा टायर फाटला आणि एकच नवा घेण्याची वेळ आली, तर तो उरलेल्यांशी जुळेल की गिअरला भारी पडेल, हे त्या नोंदीवरून आधीच ठरवता येईल.